आकाशगंगेतले धुरेकरी

समस्त पृथ्वीवासीयांस या जाहीर निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, आकाशगंगेच्या ईशान्य भागात मानवजात आणि तीन डोळ्यांचे, शेवाळी दाढीचे परग्रहवासी यांच्यात सुरू असलेले युद्ध फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास, चिवड्याची बशी अर्धी रिकामी असताना समाप्त झाले. मानवजात वाचली आहे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये व आपापले व्यवहार सुरू ठेवावेत.

मानवजात मी वाचवली नाही. मी तिला बुडवण्याच्या कामात गुंतलो होतो. तिला वाचवलं ते जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले मोजणीदार श्री. दिवाकरराव लांजेवार यांनी. या कामगिरीबद्दल त्यांचा कुठंही शाल-श्रीफळ देऊन सत्कार झालेला नाही. तो मी इथं करतो आहे. शाल मनातल्या मनात पांघरा.

लांजेवारजी तीन वर्षं आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते. आता राहत नाहीत. रुमाल काढू नका, ते जिवंत आहेत, खणखणीत आहेत. उंच, काटक्या अंगाचे, पांढऱ्या मिशा सरळ रेषेत कापलेल्या. पत्नी फार पूर्वी वारलेल्या, मुलगी बंगळुरूला. माणसाला पाहण्याआधी जागा पाहायची त्यांची सवय. आमच्या बैठकीत पहिल्यांदा आले ते दारापासून खुर्चीपर्यंत मोजून पावलं टाकत आले आणि बसता बसता म्हणाले, "तेरा फूट चार इंच. बिल्डरनं तुमाले पंधरा सांगतले असन."

पंधराच सांगितले होते. सोळा वर्षं मी त्या बैठकीला पंधरा फुटी समजून प्रेम करत होतो.

ते आले होते नळाचं पाणी वर चढत नाही हे सांगायला. मी त्या वेळी हरत होतो. माझी ओळख करून द्यायची तर मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. पानिपतापासून पुढचा कुठलाही सेनापती नेमका कुठं चुकला, हे मी खडूनं फळ्यावर बाण काढून दाखवतो. घरी आल्यावर मात्र संगणकावर अंतराळातला एक डावपेचांचा खेळ खेळतो आणि त्यात मी तोवर एकही युद्ध जिंकलेलो नव्हतो. खेळ सोपा आहे. तुम्हाला एक ग्रह मिळतो. तिथून जहाजं पाठवायची, नवे ग्रह वसवायचे, राज्य वाढवायचं. आकाशगंगेत आणखी सहा-सात जमाती असतात, कोणी कीटक, कोणी यंत्रमानव, कोणी मासे. त्या सगळ्या संगणक चालवतो. आपण एक चाल खेळायची, मग ते आपापल्या खेळतात. मी पंधरा-वीस चाली सुखानं राज्य करायचो आणि मग ते सगळे मिळून मला खायचे.

लांजेवारजी नळ विसरून पडद्यापाशी वाकले.

"सर, हा हिरवा कोण होय?"

"शत्रू आहे."

"कोणी सांगतलं?"

"कोणी म्हणजे? त्याची नऊ जहाजं माझ्या ग्रहाशेजारी येऊन उभी आहेत!"

"अन् तुमचा ग्रह कोणाच्या शेजारी हाये?"

मी पाहिलं. माझा तो नवा ग्रह तीन बाजूंनी हिरव्या प्रदेशात रुतला होता.

"तो तुमाले मारायले नाही आला सर, तो धुरा पाहाले आला," लांजेवारजी म्हणाले. "तुमीच त्याच्या वावरात खाट टाकून बसले."

आमच्या विदर्भात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात आणि ज्याचं शेत आपल्या शेताला लागून, तो धुरेकरी. लांजेवारजींनी पस्तीस वर्षं धुऱ्यांवर काढली होती. कन्हानपासून उमरेडपर्यंत असा धुरा नसेल जिथं त्यांच्यासमोर दोन माणसं एकमेकांच्या अंगावर धावली नसतील. आकाशगंगेचा नकाशा बघून त्यांना अंतराळ दिसलंच नाही. त्यांना तालुका दिसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला ते खाली आले ते लांब वही आणि टोक केलेली पेन्सिल घेऊन. तेव्हापासून रोज सहा ते साडेसात आमचं राज्य चालू झालं. मी माउस धरायचो, ते वही धरायचे. वहीत प्रत्येक जमातीला एक पान. पानावर तीन रकाने: स्वभाव, हद्द, शेवटचा राग. जमातींची खेळातली नावं उच्चारायला अवघड होती, म्हणून त्यांनी नवी ठेवली. सौदे करणारे मासे झाले 'इतवारीवाले', नागपूरच्या इतवारी बाजारावरून, कारण पहिल्या बोलण्यांत ते एका खाणीच्या बदल्यात तीन ग्रह मागत. मी संतापायचो. लांजेवारजी म्हणायचे, "रागावता कायले? इतवारीत पह्यला भाव असाच सांगतेत. उठून चालाले लागा, मांगून आवाज येते." आम्ही बोलणी बंद करायचो आणि खरोखर पुढच्या चालीला मासे मागून हाक मारायचे.

यंत्रमानव झाले 'ऑफिसवाले'. त्यांच्याशी गोड बोलून उपयोग नाही, नियमात बसलं तर मंजूर, नाही तर परत. आणि नकाशाच्या मधोमध एक अतिप्राचीन जमात होती. तिच्याकडे सगळ्यांना एका फुंकरीत उडवतील अशी जहाजं होती, पण ती जागची हलत नसे. त्यांचं नाव 'रिटायर तहसीलदार'. "हे कोणाले काही करत नाहीत," लांजेवारजींनी पानावर लिहून घेतलं, "पण त्याईच्या आंगणातून शॉर्टकट मारू नका." मी एकदा मारला. माझे चार ग्रह जागच्या जागी गेले. लांजेवारजींनी शांतपणे 'शेवटचा राग' या रकान्यात लिहिलं: 'आज. कारण: सर.'

संगणकाच्या स्वभावाबद्दल त्यांचं एक मत पक्कं होतं. मी नेहमी त्याला पाजी, कपटी, पाठीत वार करणारा म्हणायचो, कारण माझं आरमार एका टोकाला गेलं की दुसऱ्या टोकाला हमखास हल्ला व्हायचा. लांजेवारजी मान हलवायचे. "दुष्टाले मन लागते सर. याच्यापाशी कुठं हाये? हा फक्त मोजून राहिला. तुमची जहाजं किती, त्याची किती. तुमची कमी दिसली की आला." मग त्यांनी उपाय सांगितला. माझी जुनी, मोडकी, चंद्रापर्यंत जायच्या लायकीची नसलेली जहाजं सीमेवर ओळीनं उभी करायची. "वावरात बुजगावणं नाही लावत का?" माझ्यातला इतिहासाचा शिक्षक दुखावला, शौर्य वगैरे काही आहे की नाही! पण बुजगावणी लावली. संगणकानं ती मोजली, आणि परत गेला.

पुढं गेलेल्या राज्यावर सगळ्या जमाती एकत्र तुटून पडतात हेही त्यांनी आठवड्यात हेरलं. "पह्यल्या नंबराले सगळ्याईची नजर लागते. आपण दुसरे राहू. दुसऱ्याले कोणी पाहातच नाही." म्हणून आम्ही दुसरे राहायचो. एखादा ग्रह जास्त झाला तर लांजेवारजी मला तो वसवू देत नसत. असा राज्यकर्ता मी इतिहासात कुठं वाचलेला नाही.

पण त्यांचा खरा हट्ट होता नोटिशीचा. कुठलीही जमीन मोजायची तर शेजारच्या सगळ्या खातेदारांना आधी नोटीस जाते. अमक्या दिवशी, अमक्या वेळी मोजणी आहे, हजर राहा, बघा, सही करा. हा त्यांच्या खात्याचा नियम त्यांनी आकाशगंगेला लागू केला. नवा ग्रह वसवायच्या आधी मी प्रत्येक शेजारी जमातीशी संपर्काची खिडकी उघडायची, नमस्कार घालायचा, एखादी भेट द्यायची, आणि त्या वेळी लांजेवारजी पाठीमागे उभं राहून खड्या आवाजात म्हणायचे, "लगतच्या समस्त धुरेकऱ्यायले कळवण्यात येते का..." खेळात असं काही लिहायची सोयच नव्हती. पण गंमत अशी की भेट-नमस्कार झाल्यावर वस्ती केली की शेजारी खरंच कमी चिडायचे.

"नोटीस देली की अर्धा राग तिथंच मरते," ते म्हणायचे. "माणूस जमिनीसाठी नाही भांडत सर. आपल्याले इचारलं नाही म्हणून भांडते."

माझी बायको आतून ओरडायची, "अहो महाराज, त्या हिरव्यांना नोटीस देऊन झाली असेल तर आम्हालाही द्या. जेवायला किती वाजता बसणार?"

असं दीड वर्ष आम्ही एकही युद्ध न करता नांदलो. माझ्या आयुष्यातला तो सुवर्णकाळ. हिरव्या, शेवाळी दाढीवाल्यांशी तर आमचं इतकं जमलं की वहीत त्यांचं नाव नुसतं 'धुरेकरी' असं होतं, जसं आपण घरातल्या माणसाचं आडनाव लिहीत नाही.

आणि मग या गृहस्थानं स्वतःच नियम मोडला.

आमच्या आणि धुरेकऱ्यांच्या सीमेवर एक निळा ग्रह होता. पाण्यानं भरलेला, सुपीक. मोजून पाहिलं तर ग्रह रेषेच्या आमच्या बाजूला, अगदी केसभर आत. लांजेवारजींचे डोळे चकाकले. "बसवा," ते म्हणाले.

"नोटीस?" मी माउस उचलून विचारलं.

"कायले? हद्द आपली हाये. माप बरोबर हाये. बरोबर मापाले नोटीस लागत नाही."

मी वस्ती केली. पुढच्याच चालीला धुरेकऱ्यांचा चेहरा हिरव्याचा लाल झाला आणि तिसऱ्या चालीला युद्ध पुकारलं गेलं. दीड वर्षाचा शेजारधर्म तीन मिनिटांत खलास.

या खेळात एक फार चांगली सोय आहे. कुठल्याही जमातीच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं की ती तुमच्याबद्दल काय विचार करते त्याची यादीच उघडते. जुनी मैत्री, अधिक वीस. भेटवस्तू, अधिक बारा. एकदा दिलेलं वचन मोडलं, उणे पंधरा. आणि आता सगळ्यांत खाली, लाल अक्षरांत: आमच्या उंबऱ्याशी वस्ती, उणे साठ.

लांजेवारजींनी यादी वाचली. "बाप्पा! रागाचं कारण लिहून देते हा? माणसाले काहून नाही देलं देवानं असं बटन?"

मी त्यांना धीर दिला. म्हटलं, काळजी करू नका, खेळात राग दर चालीला एकेकानं कमी होतो. आपण बचाव करत बसू, वीस-पंचवीस चाली काढू, निवेल. आम्ही बसलो. दोन संध्याकाळी नुसता बचाव केला. वचन मोडल्याचे उणे पंधरा कमी होत होत शून्य झाले आणि ओळच गेली. पण उणे साठ तसेच. एकानंही हलले नाहीत.

"हे काहून कमी होऊन नाही राहिलं?" लांजेवारजींनी विचारलं.

मी खेळाच्या माहितीत शोधलं आणि वाचून सांगितलं. रागाचे दोन प्रकार होते. घडून गेलेल्या गोष्टीचा राग काळानं झिजतो. पण ज्याचं कारण अजून जागेवर उभं आहे, तो झिजत नाही. ती वस्ती तिथं असेपर्यंत शंभर चाली गेल्या तरी उणे साठ ते उणे साठच.

लांजेवारजींनी वहीतल्या 'शेवटचा राग' या रकान्यावर पेन्सिल टेकवली. "म्हणजे जुना झाला म्हणून निवत नाही?"

"नाही."

त्यांनी वही मिटली, चहाचा कप तसाच ठेवला आणि वर निघून गेले. जाताना पावलं मोजली नाहीत. मला वाटलं, हरल्याचं मनाला लागलं. बायको म्हणाली, "हरायची सवय तुम्हाला आहे, सगळ्यांना नसते."

सकाळी मी कॉलेजला निघत होतो तेव्हा ते फाटकाशी उभे होते. तिथंच, स्कूटरच्या हँडलवर हात ठेवून, त्यांनी मला सांगितलं ते असं.

उमरेडच्या पुढं त्यांचं गाव. वडिलांच्या मागं शेताचे दोन भाग झाले, एक त्यांचा, एक धाकट्या भावाचा, प्रभाकरचा. कागदावर भाग झाले, पण जागेवर धुरा कुठून जातो ते कोणी नक्की मोजलेलं नव्हतं. प्रभाकर शेती करायचा, हे नोकरीवर. अठरा वर्षांपूर्वी एका रविवारी, प्रभाकर सासुरवाडीला गेलेला असताना, लांजेवारजींनी दोन माणसं घेतली, साखळी टाकली, शेत मोजलं आणि दगड रोवून टाकले. रेषा प्रभाकरच्या मिरचीत अकरा फूट आत गेली. प्रभाकर परत आला, दगड पाहिले, आणि त्या दिवसापासून बोलला नाही. भांडला नाही, शिवी दिली नाही, कोर्टात गेला नाही. नुसता बोलला नाही.

"साऱ्या तालुक्याले नोटिसा वाटत फिरलो सर," लांजेवारजी म्हणाले, "अन् भावाले नाही देली. मनात म्हणलं, माप बरोबर हाये, दोन वर्सं फुगन, मंग निवन. अठरा झाले. मी माह्यं वावर दुसऱ्याले वाहाले देलं. मी हिशेबापुरता जातो, तेबी गावात नाही. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवरून परत येतो. अन् मी आपला वाट पाहून राहिलो, उणे साठाचे उणे पन्नास कवा होतेत!"

"आणि दगड?"

"जागेवरच हायेत ना. तेच तं."

त्या दिवशी संध्याकाळी सहाला ते आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "तो निळा ग्रह त्याईले देऊन टाका." मी दिला. पुढच्या चालीला यादीतली लाल ओळ नाहीशी झाली, चेहरा पिवळा झाला, आणि पावणेसातला धुरेकऱ्यांनी तहाचा प्रस्ताव पाठवला. तोच हा वर जाहीर केलेला मंगळवार. मी टाळ्या वाजवल्या. लांजेवारजींनी चिवड्याचा एक दाणाही तोंडात टाकला नाही. म्हणाले, "सर, मोजणीचा अर्ज लिहून द्या."

मी म्हटलं, दगड उपटून टाका आणि मोकळे व्हा की! त्यांना ते पटेना. "उपटले तं तो म्हणन, मोठ्या भावानं भीक देली. नाही. रीतसर मोजू. त्याले नोटीस जाईन, त्याच्या डोळ्यासमोर मोजणी होईन. अन् माह्यं मन सांगते सर, माप चुकलं असन. उन्हाचा टाइम होता, साखळी तापली का वाढते. चुकलंच असन."

अशा रीतीनं पस्तीस वर्षं आपलं माप कधी चुकलं नाही म्हणून मिशी सरळ कापणारा हा माणूस, आपलं माप चुकलेलं निघावं म्हणून देवाजवळ मागणं करू लागला. चुकलं असेल तर मार्ग सरळ होता. सगळ्यांदेखत चूक कबूल करायची, दगड हलवायचे, भावाच्या पाया पडायची वेळ आली तर तेही करायचं, मोठेपणा गेला खड्ड्यात.

मार्चमध्ये मोजणीची तारीख मिळाली. साक्षीला मी. कोळशाचे ट्रक चुकवत माझी जुनी गाडी उमरेड रस्त्यानं निघाली, दोन्ही बाजूंना पळस पेटलेला. मागच्या सीटवर लांजेवारजींची जुनी लोखंडी साखळी, असू द्या म्हणून घेतलेली. आणि ते शेजारी बसून पाठांतर करत होते.

"प्रभाकर, माप चुकलं."

नाट्यस्पर्धांत आयुष्यभर तिसरं बक्षीस घेतलेला मी गप्प कसा बसणार? "फार घाईत म्हणता. नाव घेतल्यावर थांबा. त्याच्याकडे बघा. मग म्हणा."

"प्रभाकर." त्यांनी समोरच्या ट्रककडे डोळे लावून पाहिलं. "माप चुकलं."

"उत्तम. आता थोडा गहिवर."

"गहिवर नाही जमत सर. आमच्या खात्यात नोता."

मी हसत होतो, पण शंका मलाही सोडत नव्हत्या. प्रभाकर आलाच नाही तर? आला आणि काठी घेऊन आला तर? लांजेवारजींनी वाटेत चार वेळा खिडकीची काच वर केली आणि चार वेळा खाली केली. फाटा आला तसा त्यांचा हात सवयीनं दाराच्या कडीवर गेला. मी गाडी थांबवली नाही.

प्रभाकर आला होता. शेताच्या कडेला मोहाच्या झाडाखाली एकटाच उभा. थेट लांजेवारजींची उंची, फक्त उन्हानं रापलेला आणि मिशी वेडीवाकडी. खिशातून नोटिशीची घडी बाहेर डोकावत होती. त्यानं आमच्याकडे बघितलं नाही. शेतात दगडांची ओळ होती आणि त्या ओळीलगत अकरा फुटांचा पट्टा अठरा वर्षं कोणी नांगरलाच नव्हता. यानं नांगरला तर त्याला तो कब्जा वाटणार, त्यानं नांगरला तर याला. दोन्ही बाजूंना कापणी झालेलं स्वच्छ रान आणि मधे कमरेएवढ्या काटेरी झुडपांची वाट. नकाशावर मी असा पट्टा पाहिला होता. दोन राज्यांच्या मधली, कोणीच न वसवलेली काळी जागा. ती अशी दिसत असेल हे मला माहीत नव्हतं.

मोजणीला खात्याची एक तरुण मुलगी आली होती. सगळे तिला मॅडम म्हणत. तिच्या हातात एक काठी आणि काठीच्या टोकाला पांढरी छत्री असावी तसं यंत्र.

"साखळी नाही लागत, मॅडम?" लांजेवारजींनी विचारलं.

"नाही काका. वरून उपग्रह सांगतात."

"आकाशातून?"

"हो, आकाशातून."

लांजेवारजींनी माझ्याकडे पाहिलं. मी छाती फुगवली. अंतराळानं माझी बाजू घ्यायची हीच वेळ होती.

ती काठी घेऊन दगडामागून दगड चालत गेली. एका बाजूनं लांजेवारजी, दुसऱ्या बाजूनं, दहा हात अंतर ठेवून, प्रभाकर. झुडपं दोघांच्याही पायांना सारखीच ओरबाडत होती. तासाभरानं तिनं यंत्राच्या पडद्यात पाहिलं, जुना नकाशा पाहिला, पुन्हा यंत्रात पाहिलं आणि कौतुकानं म्हणाली, "काका, हे दगड कोणी लावले होते? कमाल आहे. साखळीनं मोजून एवढं तंतोतंत! बोटभराचाही फरक नाही."

लांजेवारजी त्यातल्याच एका दगडावर मटकन बसले. आयुष्यातल्या सगळ्यांत बिनचूक मोजणीचं प्रशस्तिपत्र हातात पडलं होतं आणि चेहरा असा, जसं कोणी घर उचलून नेलं.

"पोरी, एकडाव पुन्हा पाहा ना वं. चूक असन."

"चूक नाहीये काका. अगदी बरोबर आहे."

"सर," ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पाठ केलेलं तं सारं बाद झालं. आता काय म्हणू?"

इतिहासात खरं माप काढल्याबद्दल माफी मागितल्याचं उदाहरण मला आठवेना.

पुढं काय झालं ते थोडक्यात आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही उगीच जीव मुठीत धरून बसणार नाही. लांजेवारजी आता गावीच राहतात, भावाच्या घरी, पुढच्या खोलीत. झुडपं काढली. दगड काढायला प्रभाकरनं नाही म्हटलं, खरे आहेत तर राहू दे. त्या पट्ट्यात दोघांची मिळून तूर आहे, आणि त्यातली कोणाची किती हे मोजायचं नाही, असं खुद्द मोजणीदारांनीच ठरवलं आहे. मला आठवड्यातून एकदा फोन येतो, "सर, धुरेकरी काय म्हणून राहिले?" मी सांगतो, सगळे मिळून मला खाऊन राहिले. ते खो खो हसतात. मी आता सगळी युद्धं पूर्ववत हरतो आणि मला त्याचं काहीही वाटत नाही. त्या दिवशी परतताना, एकट्यानं गाडी चालवत, मी उमरेड ते नागपूर मोठ्यानं गात आलो, आणि मला गाता येत नाही.

पण हा सगळा आनंद नंतरचा. त्या क्षणी लांजेवारजी दगडावरून उठले, पँटची धूळ झटकली आणि भावासमोर जाऊन उभे राहिले. मी शिकवलेला ठहराव नाही, गहिवर नाही, काही नाही. सातबारा वाचावा तसं एका दमात म्हणाले, "प्रभाकर, माप बरोबर निघालं. पण तुले नोटीस देली नोती. तुह्या माघारी दगड रोवले, ते चूक होतं. ते या मशीनमधी दिसत नाही, म्हणून मी सांगून राहिलो."

प्रभाकरनं त्यांच्याकडे पाहिलं. मग दगडांच्या ओळीकडे, मग त्या मुलीच्या यंत्राकडे, मग पुन्हा भावाकडे. अठरा वर्षं त्याच्या मनात काय उभं होतं ते त्याच्या चेहऱ्यावरून ओळ ओळ करत कोसळताना मला दिसलं. आणि एकदम, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, तो ओरडला:

"खरं मोजलं होतं? तं मंग अठरा वर्सं चोरावानी फाट्यावरून काहून पळत होता गा, दादा!"